मनी शे

"पेट्रोल संपलं का, ताई?"

"नाही. नातं संपलं."

तोंडातून निघूनच गेलं. जानेवारी असला तरी जळगावचं अकराचं ऊन ते ऊनच. दीड किलोमीटर मी ती बोजड मोटारसायकल ढकलत आणली होती, आणि गॅरेजच्या दारात फडक्याला हात पुसत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला माझी कर्मकहाणी दोन शब्दांत सांगून मोकळी झाले.

तो हसला नाही. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"गाडी ठीक दिसते," तो म्हणाला. "नात्याचं काम आमच्याकडे होत नाही."

आणि मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. इतकं आलं की गाडी हातातून सुटायला लागली. त्यानं पुढे होऊन हँडल धरलं, आणि आमच्या दोघांच्या हातांमध्ये बोटभर अंतर उरलं. ते मी तेव्हाच मोजलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही.

मी मृणाली. भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली, जळगावातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. किरणशी माझं चार वर्षं जमलेलं. त्याला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. त्याचं सिबिल खराब, माझा पगार पक्का, म्हणून तीन लाखांचं कर्ज माझ्या नावावर. मोटारसायकलही माझ्याच नावावर, फक्त चावी त्याच्या खिशात. 'आपल्यात तुझं-माझं काय?' असं तो म्हणायचा आणि मी विरघळायचे. मग एका दुपारी व्हॉट्सअॅपवर तीन ओळी आल्या, दुकानाचं शटर कायमचं पडलं, आणि किरणचा साखरपुडा नाशिकला झाल्याचं मला त्याच्या मित्राच्या स्टेटसवरून कळलं. गाडी तेवढी माझ्या खोलीखाली लावून गेला, जसा काही दानधर्मच केला! उरले होते सव्वीस हप्ते, महिन्याला साडेआठ हजारांचा एकेक. माझा पगार सोळा.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं, आणि गाडी डीलरला विकायला निघालेय हेही. त्यानं नाव सांगितलं राजदीप, एक स्टूल दिलं आणि माठातलं पाणी.

"डीलर काय देतोय गाडीचे?"

"बावीस हजार."

"म्हणजे अडीच हप्ते. पुढे?"

पुढचं मी ठरवलेलंच नव्हतं. चार महिने मी फक्त रडत होते, तेही लॅबच्या बाथरूममध्ये, नळ सोडून.

"तुमच्या लॅबची मुलं सकाळी घरोघरी रक्त घ्यायला फिरतात ना?" तो म्हणाला. "त्यांना काय मिळतं?"

"घरामागे ऐंशी रुपये. पण त्यांच्याकडे गाड्या असतात."

तो नुसता गाडीकडे बघत राहिला. मला कळायला अंमळ वेळ लागला.

"मला चालवता येत नाही," मी म्हणाले. "गिअरची तर मुळीच नाही."

"दीड किलोमीटर ढकलता येते आणि चालवता येत नाही?" तो म्हणाला. "हे बघा, मी ही गाडी वीस हजारांत घेऊन तीसला विकू शकतो. धंदाच आहे माझा. पण... विकू नका. शिका."

मी शिकले. रोज संध्याकाळी पिंप्राळ्याच्या पुढच्या मोकळ्या मैदानावर, धूळ खात, कुत्र्यांना घाबरवत.

"क्लच हळू सोडा. एकदम सोडलं की बंद पडते."

"हो, मलाही एकदम सोडलंय. माहितीये."

"म्हणूनच बंद पडला होतात," तो मागून म्हणाला, आणि मी चिडून क्लच इतका हळू सोडला की गाडी पहिल्यांदाच सरळ चालली. मागे वळून बघितलं तर तो टाळ्या वाजवत पळत येत होता. वळून बघायचं नसतं हे त्यानं शिकवलंच नव्हतं. मी थेट बाभळीत गेले.

'ताई' म्हणणं त्यानं कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही. बहुतेक बाभळीचे काटे काढताना.

फीचं विचारलं तर म्हणाला, "माझं रक्त तपासा. वडिलांना शुगर आहे." एवढा इंजिनं उचलणारा माणूस, पण सुई बघून पांढराफटक! तोंड भिंतीकडे.

"मूठ आवळा."

"झालं?"

"अजून टोचलंही नाही."

"गप्पा मारा ना काहीतरी," तो डोळे मिटून म्हणाला. मी मारल्या नाहीत. त्याच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघितली, जिची या तपासणीत काही गरज नसते. भराभरा पळत होती.

"शुगर येईल नॉर्मल," मी म्हणाले. "बाकीचं मात्र... जरा जास्त दिसतंय."

"त्याला औषध?"

"बघू. इतक्यात नको."

आणि मी खरंच इतक्यात नको म्हणत होते. दुधानं तोंड भाजलेली ताकसुद्धा फुंकून पिते. मी तर पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

पण दिवस बदलले. पहाटे साडेपाचला डबा बांधून मी निघायचे, सुरुवातीला चार-पाच, पुढे आठ-नऊ घरं करायचे, दहाला लॅबमध्ये हजर. पहिल्या महिन्यात जादाचे साडेआठ हजार हातात आले, म्हणजे अख्खा एक हप्ता! उन्हाळ्यात सोळा घरं एका दिवसात केली आणि रात्री आंघोळ करून तशीच झोपले, रडायचं विसरून. जुलैत पप्पांना सगळं सांगितलं. ते एफडी मोडायला निघाले. मी म्हटलं, "नको पप्पा. ज्या हातानं सही केली त्याच हातानं फेडते." त्यांनी कपाट बंद केल्याचा आवाज फोनवर आला. मग म्हणाले, "गाडी हळू चालव."

बँकेत जादाचे पैसे भरत गेले, तसे सव्वीस हप्त्यांचे चौदा झाले, मग सात. राजदीप प्रत्येक वेळी विचारायचा, "किती उरले?" आणि मी आकडा सांगितला की गॅरेजच्या मागून गरम भजी यायची. ऑक्टोबरात दोन उरले तेव्हा तो म्हणाला, "माझ्या शेजारचा गाळा रिकामा होतोय. तुमचं स्वतःचं कलेक्शन सेंटर का नको? पन्नास हजार डिपॉझिट. तुमच्याकडे तेवढे वर्षअखेरीला जमतील."

मी त्या रात्री झोपलेच नाही, आनंदानं. गाळा तर होताच, पण 'शेजारचा' हा शब्दही होता.

मग आलं नोव्हेंबरातलं ते दुपारचं झेंगट. मी गॅरेजवर गेले तर तो आत पाठमोरा, फोनवर. सोनगीरला, वडिलांशी. घरच्यांशी तो अहिराणीच बोलतो. मी आमच्या भुसावळकडची. तिकडे 'हाये' म्हणतात, धुळ्याकडे 'शे'. 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठं' म्हणजे 'सगळं', एवढ्या अर्ध्या हळकुंडात मी पिवळी.

तो हसत म्हणत होता, "मनी शे, नाना! ... हा, मनी शे. बठ्ठी मनी शे!"

मी दाराशीच थांबले. मनी आहे. सगळी मनी आहे.

मनी, म्हणजे पैसा. माझा पैसा. दोन हप्ते राहिलेत हे त्याला माहीत. पन्नास हजार जमणार हे माहीत. गाळा कुणी सुचवला? त्यानंच. किरणच्या त्या तीन ओळी पुन्हा वाचतेय असं वाटलं. फरक इतकाच की या वेळी मी रडले नाही. सरळ उलट पावली गाडी काढली.

"मला पार्टनर नको," मी त्याला मेसेज केला. "गाळाही नको."

"बरं," त्याचं उत्तर आलं. आणि तासाभरानं, "गाळा दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून मालकाला सांगितलंय. तुम्ही म्हणाल तेव्हा."

बघा! सोडायला तयार नाही. मी फोन उलटा ठेवला. त्यानंतर पाच आठवडे मी गॅरेजच्या रस्त्यानं गेले नाही. लांबच्या रस्त्यानं जायचे, रोज पाव लिटर पेट्रोल जादा जाळायचे, आणि स्वतःला सांगायचे की माझं काही अडलेलं नाही. खरंच अडलं नव्हतं. तरी कुठे भज्यांचा वास आला की गाडी आपोआप हळू व्हायची.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी कर्ज संपलं. बँकेतल्या बाईंनी 'काही येणे बाकी नाही' असं पत्र हातात दिलं. मी ते दारातच उभं राहून चारदा वाचलं. पायरीवर बसून पप्पांना फोन केला. मग बोट आपोआप राजदीपच्या नावावर गेलं, आणि मी ते मागे घेतलं. जिंकल्याचं सांगायला जो माणूस हवा होता त्यालाच सांगता येत नव्हतं. असलं जिंकणं काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, झुंबरअक्कांच्या घरी गेले. साक्रीकडच्या, नुकत्याच मुलाकडे राहायला आलेल्या. उपाशीपोटीची शुगर बघायची होती. पलंगाला टेकलेली काठी मध्ये येत होती, म्हणून मी उचलून कोपऱ्यात ठेवायला गेले.

"ए पोर! ठेव ती आठेच. मनी शे."

मला हसू आलं. "अक्का, काठीत कसली मनी?"

"मनी म्हंजे मनी!" अक्का वैतागल्या. "काठी मनी शे. तुनी नही, मनी! कसं सांगू... अगं, माझी! माझी काठी!"

माझ्या हातात सुई तशीच राहिली.

"अक्का," मी म्हणाले, "आणि... 'बठ्ठी मनी शे' म्हणजे?"

"सगळी माझी आहे." अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. सत्तर वर्षांच्या डोळ्यांना काय दिसायचं ते दिसलं असावं. "कोन म्हनना तुले?"

मी रक्त घेतलं, पट्टी लावली, अक्कांना नमस्कार केला आणि जिने उतरत पळाले. गॅरेज बंद होतं. रविवारी तो सोनगीरला जातो. फोन करावा? छे. पाच आठवड्यांचा मूर्खपणा फोनवर कसा फेडायचा? तो समोर जाऊनच फेडावा लागतो. लॅबमध्ये नमुने दिले आणि गाडीची टाकी फुल्ल केली.

जळगाव ते सोनगीर, शंभरावर किलोमीटर. मी शहराबाहेर कधी गाडी काढली नव्हती. एरंडोलपर्यंत चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. पारोळ्याला ट्रकवाल्यांना ओव्हरटेक करत होते. धुळे ओलांडून आग्रा रोडला लागले, कापसाची शेतं दोन्ही बाजूंना, हिवाळ्यातलं कोवळं ऊन पाठीवर, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं गात होते, बेसूर. कुणाचा हप्ता नाही, कुणाची परवानगी नाही. गाळ्याच्या मालकाशी धुळ्यातल्या चहाच्या टपरीवरूनच फोनवर बोलून घेतलं होतं. करार माझ्या एकटीच्या नावावर. सह्या सोमवारी.

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तसा धीर पळाला. गॅरेजवाल्या राजदीपचं घर विचारत विचारत पोचले. अंगणात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, नाक थेट राजदीपचं. निवृत्त पोस्टमन, त्यामुळे अनोळखी माणसाला आधी पत्ता विचारायची सवय असावी. मी 'जय भीम' केला. त्यांनी चष्म्यावरून मला, मग गाडीला, मग जळगावच्या नंबरप्लेटला बघितलं.

"जय भीम. कोनी पोर शे तू?"

कोणाची मुलगी. आणि तेव्हा लख्ख कळलं की नोव्हेंबरातल्या त्या दुपारी फोनवर पलीकडून काय विचारलं गेलं होतं. कोनी शे ती? आणि त्या बावळटानं माझ्या वडिलांचं नाव सांगायचं सोडून काय उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात तो दारात आला. हातांना कणकेचं पीठ. मला बघून तिथेच खिळला.

"तुम्ही... गाडीवर? जळगावहून?"

"मनी म्हणजे पैसे वाटले मला," मी एका दमात सांगून टाकलं. "फोनवर ऐकलं होतं. म्हणून गेले निघून. अहिराणी येत नाही मला, राजदीप. चूक झाली."

त्याला अर्थ लागायला चार क्षण गेले. मग आधी कान लाल झाले, मग सगळाच चेहरा.

"पाच आठवडे?" तो म्हणाला. "एका शब्दापायी? मी रोज त्या रस्त्याकडे बघत..." आणि तो अंगणात उतरला. "हप्ते?" त्यानं हळूच विचारलं. "किती उरले?"

"शून्य."

त्यानं पिठाचे हात तोंडावर धरले. डोळे भरले होते, आणि आता तोंडही पांढरं. मला त्या क्षणी तो इतका आवडला की गाडीचा स्टँड लावायचा राहिला.

"अरे, पोरनी उत्तर दिधं नही अजून," नाना खाटेवरून म्हणाले. "कोनी शे?"

मी हेल्मेट काढलं. वाटेत, पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत, मी शब्द जुळवत आले होते. किरणला मी सगळंच देऊन टाकलं होतं, सहीसकट. प्रेम करायचं ते पुन्हा करणार होते, पण तसं नाही.

"आधी मनी शे, नाना," मी म्हणाले. "मंग तुमना राजदीपनी."

नानांनी पेपर खाली ठेवला. मिशीत हसले.

"बठ्ठी?"

मी राजदीपकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत बघतच मान हलवली.

"बठ्ठी नही."

"चाली. चालेल," राजदीप म्हणाला, आणि पिठाच्याच हातानं त्यानं माझा हात धरला. "चाली ना!"