विकास नगरचा खोटा अलार्म

लखनौच्या गोमती नगरमधल्या ऑफिसात गजेंद्रचं काम तसं आरामाचं. कुठल्या मोबाइल टॉवरवर बिघाड आहे ते कॉम्प्युटर आपणहून शोधायचा. गजेंद्रने फक्त अलार्म 'खरा' की 'खोटा' ते दाबायचं, आणि त्यावरून कॉम्प्युटर पुढचं शिकायचा. विकास नगरचा टॉवर मात्र सारखा कोकलायचा. माणूस पाठवावा, तर टॉवर ठणठणीत! शेवटी वैतागून गजेंद्रने न बघताच 'खोटा', 'खोटा' असा सपाटा लावला. कॉम्प्युटर काय, शिकला आणि गप्प बसला.

मग एका दुपारी टॉवर खरोखरच बंद पडला. कुणाला पत्ता नाही. त्याच दुपारी रेल्वेतून निवृत्त झालेले लक्ष्मीकांतकाका विकास नगरच्या घरी एकटे असताना छातीत कळ येऊन वारले. हातात फोन होता, बायकोचा नंबर लावलेला.

"अमीनाबादच्या गल्ल्यांत माझ्याच फोनला रेंज नसणार रे," तेराव्याला वीणाकाकू म्हणाल्या. "कशाला मेली मी साडी घ्यायला गेले!"

"हो काकू, तिथे नसतेच रेंज," गजेंद्र म्हणाला. इतके रविवार या बाईच्या हातचे पोहे चापले, आणि तिच्या तोंडावर हे! त्याला स्वतःची शिसारी आली. पान तसंच टाकून तो उठला.

पुढे ज्याच्या गच्चीवर तो टॉवर होता, त्या घरमालकाने तो काढायला लावला. त्यानंतर एका सकाळी गजेंद्रच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला. विकास नगर. एका फोनवरून कॉल लागत नाहीये.

"समीर, वो टॉवर तो उतर गया ना?" त्याने शेजारच्या टेबलावरच्या पोराला विचारलं.

"कब का, सर. गोदाम में पड़ा है."

गजेंद्रने नंबर उघडून पाहिला. काकांचा. तो तर कधीच बंद केलेला.

त्याने 'खोटा' दाबलं. दिवा विझला, परत लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लागला.

"सर, आपकी स्क्रीन पर तो कुछ नहीं है," समीर बिचकून म्हणाला.

गजेंद्रचे कान तापले. त्याने 'खरा' दाबलं.

दिवा विझला.

तो तसाच स्कूटर काढून विकास नगरला गेला. दार उघडंच होतं.

"काकू, मी खोटं बोललो. अमीनाबादला रेंज होती. टॉवर इथला बंद होता, माझ्यामुळे."

"कळलं मला," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडून धुतल्यासारखा शांत होता. "आत्ताच."

त्यांनी कानाला लावलेला फोन त्याच्यापुढे धरला.

"घे, बोल. केव्हाचे थांबलेत तुझ्यासाठी."