ऑल्डरकोटच्या भिंतीतला जिना

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. मी सुतार आहे आणि लाकडाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

इंग्लंडात, श्रॉपशर परगण्यातलं ऑल्डरकोट हॉल. आज चौदा नोव्हेंबर, दुपारचे तीन.

माझी हेस्टर मावशी त्या घराची राखणदार. एकोणचाळीस वर्षं तिथल्याच दोन खोल्यांत राहते. चारशे वर्षांचं घर, सरकारी यादीत संरक्षित. खिळा ठोकायचा तर अर्ज. काढायचा तरी अर्ज. छत गळत होतं, तर परवानगी येईपर्यंत दोन वर्षं आम्ही बादल्याच बदलत होतो.

गेल्या महिन्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वरच्या मजल्यावर, ओकच्या फळ्यांच्या भिंतीत एक दरवाजा आला.

आला म्हणजे... आदल्या दिवशी नव्हता.

भिंतीपलीकडे काही नाही. नुसती हवा, आणि वीस फूट खाली गुलाब.

अशा घरात परवानगीशिवाय नवा दरवाजा बसवणं हा गुन्हा. त्यात राखणदाराचा भाचा सुतार. संशय कुणावर, ते सांगायला नको.

कौन्सिलच्या जुन्या वास्तूंच्या विभागाचे ट्रँटर साहेब मोजायची टेप घेऊन आले.

"बावन्न सालच्या नोंदीत हा दरवाजा नाही, बाई."

"मंगळवारपर्यंत माझ्याही नोंदीत नव्हता," मावशी म्हणाली. "चहा टाकू?"

"बेकायदा बांधकाम आहे हे. शुक्रवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा."

माझं डोकंच फिरलं. "छत गळत होतं तेव्हा कुठे होतात हो तुम्ही?"

"छताचा विभाग वेगळा आहे."

तेवढ्यात...

टक. टक.

आतून.

साहेबांनी दार उघडलं. खाली जाणारा जिना. ताज्या ओकचा भुसा. चरबीच्या मेणबत्तीचा वास...

मी दोन पावलं मागे सरलो. साहेब मात्र गुडघ्यांवर बसून पायरी कुरवाळत होते.

"हाताने तासलंय. सतरावं शतक. पायऱ्या मोजून येतो."

"साहेब, तिकडे हवा आहे."

"मोजणी झाल्याशिवाय निर्णय देता येत नाही."

ते उतरले. एक... दोन... तीन...

मग आवाज नाही.

मग दरवाजाही नाही. सलग ओक. फटीत माझं पटाशीचं पातं शिरेना.

पोलिसांना म्हटलं, फळ्या उचकटा. म्हणाले, अर्ज करा. अर्ज मंजूर करणारे कोण? ट्रँटर साहेब.

सोमवारी टपाल आलं. कार्यालयाचा कागद, साहेबांची सही. 'पायऱ्या ४११. मोजणी चालू. तोवर बाईंना हलवू नये.'

पुढच्या सोमवारी ९०२. मग १५३७. मावशीने पडदे धुवायला काढले.

गेले तीन सोमवार आकडा उतरतोय. १२०४. ६४०. काल ८६, आणि खाली एक नवी ओळ : 'सोबत हे घर बांधणारे मूळ सुतार आहेत. दरवाजा त्यांचा. खोल्याही त्यांच्याच, असं त्यांचं म्हणणं.'

"त्याला म्हणावं, अर्ज कर," मावशी म्हणाली. पण उठून तिने खोल्यांच्या दाराला कडी घातली.

एकोणचाळीस वर्षं तिने हे घर पुसलंय. येऊ दे त्याला वर. बघतोच.

आत्ताच फळीला कान लावला...

उलटे आकडे ऐकू येतायत.

दोन आवाजांत.