मागच्या सीटवरची बाई

शब्दन् शब्द खरा आहे, आधीच सांगते! कार्मेनच्या माउलीची शपथ. गाडीवाल्यांची देवी ती, तिच्या नावानं कुणी खोटं बोललं तर भर रस्त्यात चाक निखळतं. माझं एकही चाक आजवर निखळलेलं नाही. तेव्हा कॉफी घे, गप बस, आणि दर दोन वाक्यांनी ‘काय सांगतेस आजी’ करू नकोस.

त्या वर्षी आमच्या लोरिका गावात ऊन इतकं होतं, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या. नुसतं मीठ लावून खायची. आणि त्या उन्हात मी लोकांचे शर्ट इस्त्री करत बसायची. तोमासा मावशीच्या ओसरीत कोळशाची इस्त्री, समोर शर्टांचा डोंगर, आणि डोंगरापलीकडे काही नाही.

एक दिवस नदीपल्याडच्या गोठ्याचे एलिहियो मालक शर्ट न्यायला आले. त्यांचं चीज आणि सुएरो, म्हणजे आपलं आंबट दाट दही गं, घरोघर पोचवणारा म्हातारा थकला होता.

“एनेइदा,” ते म्हणाले, “तुला जमेल का? ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गावंच्या गावं चीजवर तुटून पडतात. झावळ्यांच्या रविवारी सकाळी पुलावरून स्वतः गाडी चालवत ये. आलीस तर पल्याडची सगळी गावं तुझी. नाही आलीस तर माझा भाचा तयारच आहे.”

मी म्हटलं, “येते की!”

माझ्याकडे मोटरसायकल नव्हती. आणि गाडी चालवता येणं? छे! मला तर गाढवसुद्धा पाडायचं.

मावशी मात्र सगळं जाणून असल्यासारखी बोलायची. म्हणाली, “जुनी गाडी बघायला जाशील तर आधी इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधीच चालू करून ठेवली. म्हणजे गार असताना चालू होत नाही. विकणारा चोर!”

गाडी विकायला काढलेल्या अर्सेलियोच्या अंगणात आंब्याखाली ती उभी होती. छोटीशी, लाल, एक आरसा फुटलेली. मी ऐटीत जवळ गेले, वाकले... आणि पोटरी सायलेन्सरला चिकटली.

“आई गं! गरम आहे! चोर आहात तुम्ही!”

“बाई,” मागून आवाज आला, “मी आत्ताच बाजारातून आलो. ही बघा मासळी.”

वळले तर हा अर्सेलियो उभा. हातात बोकाचिको माशांची माळ, ओठावर मिशी... अशी मिशी, की तिच्यावर दोन पोपट बसले असते. त्यानं मासळी फांदीला अडकवली, कुंपणातली कोरफड तोडली, आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. पोटरीला गर लावला. बोटं गार. नजर मात्र...

“पहिल्यांदाच घेताय?”

“कशावरून?”

“सायलेन्सर उजवीकडे असतो. जुना गडी डाव्या बाजूनं येतो.”

मी हसले. इथंच माझी चूक झाली, पोरी. भाव करताना हसायचं नसतं.

तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याला स्वतःची होडी घ्यायची होती. सौदा ठरला: आमची डुकरीण, वर थोडे पेसो, आणि त्याचा शब्द की एकटीनं पूल ओलांडेपर्यंत मला शिकवायचं.

“डुकरीण चावते हं,” मी म्हटलं.

“मालकिणीसारखी?”

“मालकीण अजून चावलेली नाही.”

“वाट बघतो...”

आता अडचण ऐक. त्या काळी मारेकरी मागच्या सीटवर बसून गोळ्या घालायचे, म्हणून गावात पुरुषानं डबलसीट बसायला बंदी होती. बाई बसली तर चालायचं. आणि पुलाच्या तोंडाशी हवालदार नेपोमुसेनो शिट्टी दातात धरून उभा! मी पुढे, शिकवणारा मागे... बसणार कसा?

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मी उघडलं आणि ओळखलंच नाही. मिशी गायब!

“अहो, मिशी?”

“बाईला मिशी शोभते का?” तो म्हणाला. “मावशी, तुमचा एखादा फ्रॉक द्या. मोठ्या फुलांचा.”

आपल्या किनाऱ्यावरचा पुरुष एक वेळ नदी देईल, मिशी देणार नाही. माझं काय झालं ते मी तुला सांगणार नाही, तू लहान आहेस. मावशीनं त्याला फ्रॉक चढवला, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर पिशवी. मग हात बघून म्हणाली, “हे काय, फावडी! हवालदार आधी हातच बघतो.” आणि तिनं त्याच्या नखांना लालभडक रंग लावला. तो अगदी शहाण्या मुलीसारखा बोटं पसरून बसला होता.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही निघायचो. त्याचा श्वास माझ्या मानेशी. “क्लच हळू सोड... अजून हळू... झोपलेल्या बाळाखालून हात काढतेस तसा.” तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. गल्ल्यांतून मी झकास चालवायची. बाजार झकास. पण पुलाचा चढ आला, की गाडी खोकायची, अडखळायची, आणि मधोमध मरायची. मागे गाढवं, फळवाले, सगळ्यांची बोंबाबोंब. मी किक मारून मारून घामानं निथळायची. मग तो उतरायचा, गाडीच्या टाकीवर हात फिरवायचा, तिच्या कानात काहीतरी बोलल्यासारखं करायचा, आणि एका किकमध्ये चालू!

“तुझ्याच हातानं कशी होते रे?”

“तिला तुझ्या हाताची भीती वाटते. घाबरू नको. मी आहे ना.”

आणि पाठीवर थोपटायचा. मला बरं वाटायचं. रात्री मात्र मी माझे हात बघत पडून राहायची. इस्त्रीचे हात. यांना शर्टापलीकडे काही जमायचं नाही, असं वाटायचं.

हवालदार नेपोमुसेनोचं तर वेगळंच. एक दिवस गाडी अडवून तो मला हळूच विचारतो, “तुमच्या या बहिणीचं लग्न झालंय का हो?”

“नाही. पण फार लाजरी आहे.”

“हात मात्र... कष्टाळू दिसतात,” तो म्हणाला, आणि मागच्या बाईच्या पिशवीत एक पिकलेला आंबा ठेवला. मग रोज एक आंबा. अर्सेलियो तो सालीसकट खायचा, अर्धा मला द्यायचा. रस कोपरापर्यंत यायचा आणि आम्ही नदीकाठी बसून हसायचो. एकदा हसता हसता तो जवळ सरकला. माझ्या हनुवटीवरचा रस त्यानं लाल नखाच्या अंगठ्यानं पुसला.

“एनेइदा... तू शिकलीस की मग काय?”

“मग काय? पल्याड जाईन. दुपारी परत येईन.”

“आणि मी?”

मी आंब्याची कोय चोखत राहिले. वाटलं, सांगू रविवारी. पुलाच्या त्या टोकावरून, स्वतःच्या पायावर उभी राहून सांगू... घाई काय आहे?

नाही गं, हा तुझा आजोबा नव्हे. ऐक पुढे.

झावळ्यांचा रविवार उजाडला. गाव हातात झावळ्या घेऊन देवळाकडे निघालं होतं. त्याला म्हटलं, “आज एकटी जाते.” तो म्हणाला, “बाजारापर्यंत तरी येतो. पुढे तू जा.” बाजारात तो उतरला. मी पुलावर चढले. पल्याडच्या टोकाला एलिहियो मालक टोपी घालून उभे, शेजारी भाचा. मी हातसुद्धा हलवला! आणि गाडी खोकली. अडखळली. मेली.

मी किक मारली. परत मारली. सँडल तुटली, अनवाणी पायानं मारली. गाडी ढिम्म. पल्याड मालकांनी आभाळाकडे पाहिलं, मग भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं वळले. बस्स. एवढंच झालं.

अर्सेलियो धावत आला, मला जवळ घेतलं. मी त्याच्या फ्रॉकवर रडले. फुलं ओली झाली.

“जाऊ दे. सगळ्यांना नाही जमत,” तो म्हणाला. किती मायेनं म्हणाला, सांगू!

दुसऱ्या दिवशी मी गाडी पुसायला घेतली. रडून झालं की माणूस काहीतरी पुसत बसतं. टाकीखाली, डाव्या गुडघ्याशी, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक असतो ना, त्यावर एक लाल ओरखडा. गाडीच्या लालपेक्षा भडक. मी नखानं खरवडला. मावशीच्या बाटलीतला रंग.

मी कॉक बंद केला आणि गाडी चालू केली. मस्त चालू झाली! नळीतलं उरलेलं पेट्रोल पीत घुरघुरत राहिली. बाजारापासून पुलाच्या मध्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढं. मग खोकली. अडखळली. अगदी तस्सं. मी कॉक उघडला, किक मारली. एका किकमध्ये चालू.

माझ्याच हातानं.

तो नेहमीच्या वेळी आला, फ्रॉक घालून. निघालो. बाजार आला तसा त्याचा हात माझ्या मांडीखालून हळूच पुढे सरकला. मी त्याच्यावर माझा हात ठेवला.

“राहू दे तिथंच.”

हात थिजला. पुलाच्या मध्यावर मी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून.

“कधीपासून?”

“तू गल्लीत पहिल्यांदा एकटीनं वळलीस ना... तेव्हापासून.”

“म्हणजे मला येत होतं.”

“कधीचंच. हात देवाचे आहेत तुझे.”

“मग का?”

“शिकली असतीस तर मला परत कशाला बोलावलं असतंस?”

“जेवायला बोलावलं असतं! नाचायला बोलावलं असतं! कायमचं बोलावलं असतं, गाढवा!”

“एनेइदा, मला तू... मी मिशी काढली तुझ्यासाठी!”

“मिशी उगवते. माझी गावं गेली.”

तो पुढे वाकला. आवाज अगदी मऊ. “जाऊ दे ना गावं. मी आहे की. म्हणशील तिथं नेईन. पुढे मी, मागे तू. कायद्यालाही चालतं.”

मी हसणार होते. मग आरशात त्याचं तोंड पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

“मागेच बसायचं असतं, अर्सेलियो, तर मी गाडी कशाला घेतली असती?”

त्यानं मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

“उतर.”

“ढकलू का?”

“नको. नुसता उतर.”

तो उतरला. मी क्लच सोडला, हळू, झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसा, आणि निघाले. तो फ्रॉक मुठीत धरून मागे धावला, “एनेइदा! एनेइदा!” ओरडत. पाय उघडे, केसाळ, हेल्मेट डोक्यावरून उडालेलं, आणि नेपोमुसेनोच्या तोंडातून शिट्टी गळून नदीत पडली.

पल्याड पोचले. तिथं माझं काही काम नव्हतं. भाचा चीज घेऊन कधीच निघून गेला होता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि दुसऱ्या रस्त्यानं, नावेवर गाडी चढवून, घरी आले. पुढे अलीकडच्या बाजूला सुएरो विकला. आधीच तीन बायका विकत होत्या, चौथी मी. अर्सेलियोनं होडी घेतली आणि नदीनं खाली गेला. मिशी परत वाढवली म्हणे.

झालं. कॉफी गार झाली तुझी.

काय बघतेस अशी? बरं, बाई बरं. एक गोष्ट मी बनवली. कोंबड्यांची नाही, ती खरीच आहे.

तो मागे धावला नाही. ओरडलाही नाही. पुलावर उभा राहिला, फ्रॉकचा खांद्यावरून घसरलेला बंद नीट करत. मी फुटक्या आरशात बघत होते. आणि गाडी मी पहिल्याच गियरमध्ये ठेवली होती, पोरी, पार त्या टोकापर्यंत. चालत आला असता तरी गाठली असती.