गुरुवारी पुसलेली कार्डं

“आत काय चाललंय ते विसरा. तुम्ही फक्त नाव विचारा.”

इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज कानात तसाच आहे… जरासा घोगरा, हसू दाबलेला.

आमचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकांच्या नंबरांची पिवळी पडलेली कार्डं बत्तीस खणांत. बाबांना स्वतःचंच अक्षर लागेना, त्याच सुमारास तो, एक कॉम्प्युटरवाला तरुण, आला चष्म्याची दांडी बदलायला, आणि थांबला आमची कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला.

“महाग पडेल,” बाबा म्हणाले.

“डेटाबेस फुकट आहे, काका. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला. माझ्या मेहनतीचं काय ते द्या.”

“फुकटचं म्हणजे कटकटीचं!”

“कटकट मी झाकून ठेवतो. जात्याची खालची तळी कुणी बघतं का? हाती पीठ आलं म्हणजे झालं.”

आणि खरंच झाकलं त्याने. आपापल्या नावाने उघडायचं, की समोर एकच रिकामी चौकट. गिऱ्हाइकाचं नाव टाका, नंबर हजर. महिनाभरात बाबासुद्धा एका बोटाने शोधायला लागले. काही अडेना, काही बिघडेना… आणि त्याचं येणं थांबलं. दुकान कसं ओकंओकं झालं.

मग एका गुरुवारी माझ्या हातून चुकून एक कार्ड पुसलं गेलं. तो धावत आला. दोन मिनिटांत कार्ड परत आणलं नि तासभर चहा पीत बसला.

पुढच्या गुरुवारी मी चुकले नाही. मुद्दाम पुसलं.

“पुन्हा? कमाल आहे!”

“फुकटचं ना…” मी खाली मान घालून काचा पुसत म्हणायचे. तो गालात हसायचा.

एकदा तो मंगळवारीच आला. दूरच्या शहरात नोकरी लागली होती. चार दिवसांनी निघायचं होतं.

“आता तुम्हीच सांभाळायचं,” तो म्हणाला, “म्हणून झाकलेलं दाखवतो.”

त्याने एक कळ दाबली. पडद्यावर यादी आली: कोणतं कार्ड, कधी पुसलं, कुणी पुसलं. अकरा ओळी. अकरा गुरुवार. अकराही ओळींत माझंच नाव.

माझे कान तापले. “हे… तुम्हाला पहिल्यापासून दिसत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

त्याने चष्मा काढला. स्वच्छच होता, तरी पुसला. “बोललो असतो, तर तुम्ही पुसणं थांबवलं असतं.”

आतल्या खोलीत बाबा खोकले, अगदी ठरवून. तो उठला. दारापाशी जाऊन वळला.

“काही अडलं तर… कळवा.”

“कधीच काही अडलं नव्हतं,” मी म्हणाले. हातातली काच खाली ठेवली. “मला तुम्ही हवे होतात. गुरुवारी… आणि मधल्या सहाही दिवशी.”