पाच दिवसांची ज्योत

शुन्पेई आणि डेल्माची ओळख झाली ती अशी – तिने त्याला मागून टोपीला धरून ओढलं.

"कुठे निघालास?"

"विहिरीकडे. शंभर पावलांवर तर आहे."

"आणि अस्वल नव्वद पावलांवर असलं तर?"

तो जागीच थिजला. "आहे का?"

"असतं तर तुझ्याशी गप्पा मारत उभी राहिले असते?"

हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मी अ‍ॅग्नेस, या कॅम्पची स्वयंपाकीण आणि डेल्माची मावशी. आम्ही दोघी टकच्या, इथल्या उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रकाठच्या गावच्या. डेल्माचं काम बंदूक घेऊन अस्वलांवर नजर ठेवायचं, माझं माणसांवर. डेल्माने हात वर केला की कॅम्पमधलं सगळं काम थांबतं, असा नियम आहे. माझ्या हातात फक्त पळी. पण ताटं परत येतात तेव्हा कोणाच्या पोटात काय चाललंय ते मला आधी कळतं.

शुन्पेई जपानचा. आमच्या पायाखाली किलोमीटरभर खोल, कायम गोठलेल्या जमिनीच्याही खाली, बर्फात गॅस कोंडलेला आहे. तो वर आणायला ही माणसं आली होती.

"तो तापवून काढायचा नाही," शुन्पेईने एकदा सूप पिता पिता मला समजावलं, "ओढायचाही नाही. विहिरीतलं पाणी उपसून दाब कमी करायचा. मग तो आपणहून सुटतो."

"आमच्या डेल्मासारखाच की," मी म्हटलं. "तीन जण तिला तापवून तापवून थकले. एकाचं तर आता दुसरीकडे लग्नही झालं."

तो वाटीत बघत राहिला. त्या दिवशी त्याने तीन वाट्या घेतल्या. एरवी दीड.

गेल्या हिवाळ्यात गॅसबरोबर वाळू आली आणि अर्ध्या दिवसात पंप बसला. यंदा वाळू अडवायला जाळी होती. वर आलेला गॅस पेटवायचा, आणि ती ज्योत सलग सहा दिवस जळायला हवी होती. नाही जळली तर ही विहीर सोडून देणार, आणि शुन्पेईला पुन्हा इकडे पाठवणार नाहीत. हे त्याने स्वतःच सांगितलं, गोठलेला कच्चा मासा खाता खाता. मासा आमचा, त्यावरचा सोयासॉस त्याच्या खिशातला. बाटली शरीराच्या उबेला ठेवून आणायचा. डेल्मा त्याच्यासमोर बसून त्याच बाटलीतला सॉस घ्यायला लागली, तेव्हाच मी काय ते समजले.

"डेल्मा, तुम्ही कधी 'हो' म्हणता का?" त्याने विचारलं.

तिने भुवया उंचावल्या. तो वाट बघत राहिला.

"म्हणजे…?"

"म्हणून झालं की," मी आतून ओरडले. "आमच्याकडे भुवया वर म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. तोंड खायला दिलंय."

मग त्याला नादच लागला. चहा? भुवया. अजून मासा? भुवया. "माझ्याबरोबर ज्योत बघायला याल?"

डेल्माने बराच वेळ माशाचे काप मोजले.

"पेटू तर दे आधी."

"हे नाक की भुवया?"

"हे मी आहे. गप खा."

ज्योत पेटली. पहिल्या संध्याकाळी दोघं बाहेर उभी राहिली, मध्ये एका माणसाचं अंतर. तिसऱ्या संध्याकाळी अंतर एका बंदुकीएवढं. चौथ्या दिवशी बंदूक दुसऱ्या खांद्यावर गेली होती. त्या उजेडात त्याचे गाल लाल दिसत होते. गारठ्यानेही असतील… मी काही शपथ घेऊन सांगत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी डेल्मा आत आली. रोजच्यासारखे बूट झटकले नाहीत, तेव्हाच मी पळी खाली ठेवली.

"नदीकाठच्या बर्फातून अस्वलाची मादी बाहेर आलीय. दोन पिल्लं आहेत. सरळ इकडे येतेय."

कॅम्पचा साहेब गॉर्डन खुर्चीवरून उठला. "आज? एकच दिवस राहिलाय! पंप बंद केला तर नळीत पुन्हा बर्फ धरेल. तो काढायला दोन आठवडे, आणि गोठलेल्या नदीवरचा ट्रकचा रस्ता वितळायला उरलेत बाराच दिवस. तासभर थांब. वळेलही ती."

"पंपावर माणूस उभा राहू शकत नाही," डेल्मा म्हणाली. "आणि माणसाशिवाय पंप चालवायचा नाही, हा तुमचाच नियम."

"पण खात्री आहे का तुझी?"

डेल्माने हात वर केला नव्हता. अजून नाही. ती शुन्पेईकडे बघत होती. अस्वलासमोर कधी न अडखळलेली आमची ही पोर आज हात वर करायला थांबली होती.

शुन्पेईने हातातला चमचा हळूच ताटाशेजारी ठेवला. "डेल्मा, बंद करू?"

तिच्या भुवया वर गेल्या.

तो उठला आणि यंत्राच्या खोलीकडे चालू लागला.

"अरे, ती काही बोललीच नाही!" गॉर्डन.

"बोलल्या," शुन्पेई म्हणाला. "अगदी स्पष्ट."

खिडकीतून आम्ही ज्योत आखूड होताना पाहिली. मग तिथे नुसता धूर राहिला. पाऊण तासाने मादी पंपाशेजारून गेली, थांबून वास घेतला, मागून दोन पिल्लं धडपडत गेली. गॉर्डनने स्वतःहून माझी भांडी पुसली.

नंतरचे दिवस शुन्पेई अर्धी वाटीच घेई. डेल्मा बाहेरच जेवायची, स्नोमोबाइलवर बसून. दोघांनाही वाटत होतं की दुसरा रागावलाय. माणसं गॅसचा दाब मोजायला एवढी यंत्रं आणतात…

शेवटच्या ट्रकच्या सकाळी मी त्याला सुका मासा बांधून दिला. बाहेर डेल्मा उभी, नाकापर्यंत मफलर, भुवयांवर पांढरं हिम.

"अहवालात काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"पाच दिवस ज्योत जळली. मग अस्वल आलं. खरं तेच."

"मग आता पाठवणार नाहीत तुला."

"नाही." त्याने खिशातून सोयासॉसची बाटली काढून तिच्या हातात ठेवली. "अजून अर्धी आहे. ती संपवायला… मी स्वतःच्या सुटीत आलो तर? विहिरीसाठी नाही." तो थांबला. मग पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून म्हणाला, "तुझ्यासाठी. चालेल?"

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. डेल्मा हलली नाही. मी खिडकीची काच दोनदा पुसली.

मग तिच्या भुवया वर गेल्या, इतक्या की त्यांच्यावरचं हिम झडून मफलरवर पडलं.

"एकदा तोंडाने सांग ना," तो म्हणाला.

"एकदा सांगितलं. बहिरा आहेस का?"

"नाही," शुन्पेई म्हणाला, आणि स्वतःच्या भुवया उंचावून ट्रकमध्ये चढला.

ट्रक नदीच्या वळणाआड गेल्यावर डेल्मा आत आली. बाटली तिने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती, उबेला. चुलीवर त्या दिवशी हरणाच्या मांसाचं सूप होतं. तिने तीन वाट्या घेतल्या.