तोंड पाहायचे आठ आणे

आया भिकुबाईने बाळाच्या तोंडावर दुपटं ओढून धरलं होतं, आणि तिच्यासमोर एक उंच तरुण हाताची घडी घालून उभा होता.

"पोरगी शे म्हणून आठ आणे. पोरगा राहता तर रुपया सांगती," भिकुबाई म्हणाली.

"मी मामा शे तिना! मनी भाची शे ती! तोंड देखाना बी पैसा?"

मी वॉर्डातून बाहेर आले तेव्हा तो थेट माझ्याकडे वळला. "नर्सबाई, फाटक उघडायला तुमच्या शिपायाने, जीवरामने, पैसे घेतले. माझ्या बहिणीला, ताईबाईला, स्ट्रेचरवर घ्यायला पुन्हा घेतले. गरम पाण्याचे वेगळे. आता मी नाही देत. बसतो इथेच. भाची मोठी झाली की येईल चालत बाहेर!"

आणि तो खरंच व्हरांड्यात मांडी घालून बसला.

मला हसू आवरेना. मी भिकुबाईच्या हातून बाळ घेतलं आणि त्याच्यासमोर दुपटं बाजूला केलं. त्याने बोट पुढे केलं... बाळाने ते मुठीत पकडलं, तसा तो वाद घालणारा माणूस लहान पोरासारखा हसला.

अभिमन त्याचं नाव. पारोळ्याजवळच्या खेड्यात कपाशीची शेती. मी इंदिरा, शिरपूरची. धुळ्यातल्या या खाजगी प्रसूतिगृहात मला तीन वर्षं झाली होती. तिकडे जर्मनीशी लढाई सुरू झाली, इकडे बाजरी महागली, तसं इथलं बक्षीसही महागलं. पूर्वी पेढ्यावर भागायचं. आता पावलोपावली हात पुढे यायचा.

अभिमन रोज बहिणीसाठी डबा घेऊन यायचा, आणि मला विनाकारण व्हरांड्यात काम निघायचं.

"तुम्ही नाही मागितलंत कधी?" एकदा त्याने विचारलं.

"कधीच नाही."

"पण बघता रोज."

"भिकुबाईला पगार चार रुपये आहे," मी चिडून म्हटलं. "जीवरामला तेवढाच. वाढवून मागितला की डॉक्टर म्हणतात, लोक देतात ना! मग त्यांनी खायचं काय?"

तो विचारात पडला. "म्हणजे पगार डॉक्टरांनी द्यायचा, तो आम्ही देतोय. आणि भांडण मात्र भिकुबाईशी करतोय..." मग हळूच म्हणाला, "हे डॉक्टरांना कोणी सांगितलंय?"

मी मान वळवली. रागाने गाल तापले होते... की नुसत्या रागाने नव्हे?

सहाव्या दिवशी सातपुड्याकडची एक बाई बैलगाडीतून आली. सोबत म्हातारी सासू. सासूच्या पदराला काही नव्हतं, म्हणून जीवराम स्ट्रेचर आणतो आणतो म्हणत रेंगाळला. मला कळलं तेव्हा बाईची शुद्ध हरपत होती. मी धावले. अभिमन आधीच गाडीशी पोहोचला होता. स्ट्रेचर आम्ही दोघांनी उचललं.

"डोक्याकडची बाजू मी धरतो," तो म्हणाला.

"धरा. चला!"

बाई वाचली, बाळही रडलं. जीवराम भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. पण माझं भांडण त्याच्याशी नव्हतं. बोलायचं होतं ते दुसऱ्याशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई, जीवराम आणि मी डॉक्टरांच्या खोलीत उभे राहिलो.

"यांना महिना दहा रुपये द्या. मग बक्षीस कोणी मागणार नाही, याची हमी माझी. नाहीतर आम्ही तिघं आत्ता निघालो."

"तुम्हालाच काढून टाकलं तर, इंदिराबाई?"

"टाका. वॉर्डात सात बाळंतिणी आहेत. कालची बाई का मरत होती, ते मी जाताना त्यांच्या नातेवाइकांना सांगून जाईन."

भिकुबाईने मागून माझा पदर घट्ट धरला होता. डॉक्टरांनी पगाराची वही ओढून आकडे मांडले. अखेर म्हणाले, "आठ."

"दहा," भिकुबाईच बोलली. तिचा आवाज मी इतका खणखणीत कधी ऐकला नव्हता.

दहावर ठरलं. दुपारी फाटकावर पाटी लागली – 'येथे कोणीही बक्षीस मागू नये व देऊ नये.'

ताईबाईला घरी न्यायच्या दिवशी भिकुबाईने बाळाला तीट लावून अभिमनच्या हातात दिलं. बहिणीला गाडीत बसवून तो पुन्हा व्हरांड्यात आला.

"काही विसरलात?"

"नाही... पण पाटी वाचून अडचण झालीय. फक्त बक्षीसच मागायचं नाही ना?"

"दुसरं काय मागायचंय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला. म्हणजे... शिरपूरला तुमच्या आबांकडे मागणी घालायला येऊ का? आधी तुम्हाला विचारतोय."

माझ्या हातातला थर्मामीटर पडता पडता राहिला. तरी मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मी हे काम सोडणार नाही. लग्नानंतरही."

"सोडा म्हणालो का मी? आमच्याकडे पाच गावांत मिळून एक नर्स नाही. बाया गाडीतच जीव सोडतात. दवाखान्याला खोली मी बांधतो. चालवायची तुम्ही."

गाडीतून ताईबाईने हाक मारली, "भाऊ, ऊन चढनं! काय म्हणस ती?"

मी पदर सावरला आणि त्याच्या खांद्यावरून तिलाच उत्तर दिलं, "सोमवारी शिरपूरला या म्हणते, ताईबाई. आणि आबांनी नाही म्हटलं, तर मंगळवारी पुन्हा या!"