पाणखूण

दिवाळी उलटली तरी विश्राम गोगट्यांनी सुलभाताई रेडकरांच्या पत्राला उत्तर लिहिलं नव्हतं.

गोगटे अस्थिसांधे बनवत. त्या काळी गुडघा झिजला की लोक आपल्याच गेलेल्या माणसाच्या अस्थींची भुकटी करून तिचा सांधा भाजून घेत, पणती भाजावी तसा. शरीर तो आपला मानी. श्रेय भट्टीला मिळे, पण सगळं ठरे भुकटीत. भुकटीत गुठळी राहिली तर भाजताना ती आजूबाजूच्या मालाआधी आकसते आणि तिच्याभोवती केसाएवढी चीर राहते. कितीही आच दिली तरी ती बुजत नाही. गुठळ्या पुरत्या घालवायच्या तर अस्थी आम्लात विरघळवून तळाशी बसणारा साका नव्याने धरावा लागतो, आणि त्यात पाणखूण धुऊन जाते. लहानपणी प्यालेल्या पाण्यातले क्षार हाडात कायमचे बसतात, त्यांना गोगट्यांनी दिलेलं हे नाव.

"म्हणजे आमच्या आचऱ्याच्या विहिरीचं पाणी जाणार?" गेलेल्या मुलाच्या, तन्मयच्या, अस्थी आपल्या गुडघ्यासाठी आणल्या तेव्हा सुलभाताईंनी विचारलं होतं.

"जाणार. उरेल ते कॅल्शियम फॉस्फेट. कुणाच्याही हाडात असतं तसं."

"मग धुऊ नका. आमच्या तन्मयला आंघोळीचा कंटाळाच होता."

गोगट्यांनी अस्थी नुसत्या दळून, चाळून सांधा केला. वर्षभरात तो आतून तडकला. पत्रात ताईंनी एवढंच विचारलं होतं : तुकडे दळून पुन्हा तन्मयच करता येईल का?

येणार नव्हतं. एकदा भाजलेल्या मालाची भुकटी बोथट होते, कण एकमेकांना धरत नाहीत. पण आपल्यापेक्षा हुशार कुणाला कदाचित जमेल, या शंकेत ते कागद पुढे ओढत आणि मागे सारत.

मग ताईंच्या मुलीचा, मृणालचा, फोन आला.

"काका, तुमचं उत्तर आल्याशिवाय आई सर्जनना हात लावू देत नाही. कपच्या रुतून आत पू झालाय. आता पाय जाईल म्हणतात."

"मी फोनवर बोलू त्यांच्याशी?"

"ती म्हणते, फोनवर माणसं धीर देतात. लिहून द्या."

गोगट्यांनी लिहिलं, "ताई, ते होणार नाही. सांधा हे पत्र मिळताच काढून घ्या. तुकडे विरघळवून मी नवा करीन. तो टिकेल, तुम्ही चालाल. पण त्यात तन्मय नसेल. कुणीच नसेल."

शेवटचे दोन शब्द खोडावेत असं त्यांना फार वाटलं. ते तसेच ठेवून त्यांनी पाकीट चिकटवलं आणि स्पीड पोस्टाने धाडून दिलं.